दारू बंद, पर्यटक बंद?

कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावरच्या गावात पर्यटनवाढीची सभा भरली की एक विषय हमखास निघतो, पण सरळ निघत नाही. कुणी घरगुती खानावळवाला म्हणतो, "लोक गोव्यालाच का पळतात, ते काय सांगायला हवं?" मागून एखादी बाई विचारते, "मग आपल्या गावाचं गोवाच करायचंय का?" तेवढ्यात चहा येतो आणि विषय तिथेच राहतो.

दोघांची मतं उलट असली तरी दोघंही एकच गोष्ट धरून चाललेले असतात : दारू मिळाली की पर्यटक येतात, बंद केली की यायचे थांबतात. खानावळवाल्याला तसं व्हायची भीती वाटते, बाईंना आशा वाटते. मुळात हे खरं आहे का? सुट्टीच्या ठिकाणी दारूवर बंधनं आली तर नेमकं काय होतं, आणि कुणाचं होतं? आपल्या देशातल्या एका मोठ्या पर्यटनराज्यानं हा प्रयोग करून पाहिला आहे. तिथे जाण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ.

१. बंदी एका प्रकारची नसते

'दारूबंदी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुलूप घातलेलं दुकान येतं. प्रत्यक्षात सरकार फार क्वचित सगळीच दारू बंद करतं. एरवी ते पाच प्रश्नांची उत्तरं ठरवतं : कुणी प्यायची, कुठे, केव्हा, किती आणि कुणाकडून विकत घेऊन. यातलं एक उत्तर बदललं की कायदा बदलतो आणि त्याचा चटका बसणारा माणूसही बदलतो.

घरचंच उदाहरण घ्या. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. तो कायदा नाव बदलून आजही महाराष्ट्रात लागू आहे. म्हणजे कागदोपत्री आपल्याकडे पिण्याला मनाईच आहे, परवाना असेल त्याला सूट. विदेशी मद्य पिण्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, वर्षाचा शंभराला आणि तहहयात हवा असेल तर हजाराला. ('विदेशी मद्य' म्हणजे व्हिस्की, रम, ब्रँडी वगैरे, ती इथल्याच कारखान्यात तयार झालेली असली तरी कायद्याच्या लेखी विदेशीच.) परमिट रूममध्ये बसलेल्यांपैकी कितीजणांच्या खिशात हा परवाना असतो, ते विचारू नये.

१ मे १९६० ला मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि हाच कायदा गुजरातच्याही वाट्याला आला. आपल्याकडे त्याचा पाच रुपयांचा कागद झाला, तिकडे खरीखुरी दारूबंदी राहिली. कायदा मूळचा एकच. फरक पडला तो 'कुणी प्यायची' या प्रश्नाच्या उत्तरात. तेव्हा यापुढे कुठे बंदी आल्याची बातमी वाचली की पाचांपैकी कुठलं उत्तर बदललं, तेवढं आधी शोधावं.

२. सातशे तीस बार

आता केरळ. कोवळमचा किनारा, अलप्पुळाच्या हाउसबोटी, मुन्नारचे चहामळे. पर्यटनावर जगणारं आणि दारूही भरपूर पिणारं राज्य. दारूची किरकोळ विक्री तिथे मुख्यतः 'बेव्को' या सरकारी महामंडळाच्या दुकानांतून होते आणि त्या विक्रीवरचा कर हा राज्याच्या तिजोरीचा मोठा आधार आहे.

२०१४ च्या एप्रिलमध्ये ४१८ बारांच्या परवान्यांचं नूतनीकरण अडलं. कारण साधं होतं : हे बार दर्जाहीन आहेत, असा शेरा होता. अंधार, अस्वच्छता, उभ्यानं दोन पेग घशात ओतून बाहेर पडायची सोय. खरं तर प्रश्न सफाईचा होता, पण राजकारण त्यात शिरलं. काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष व्ही. एम. सुधीरन म्हणू लागले की हे बार उघडायचेच नाहीत. मुख्यमंत्री ओमन चंडी त्याच पक्षाचे. आपण मागे पडतोय असं दिसताच त्यांनी ऑगस्टमध्ये सुधीरन यांच्याही पुढची उडी मारली : बार फक्त पंचतारांकित हॉटेलांत राहतील, बाकी सगळे बंद. आधीचे ४१८ आणि उरलेले ३१२ मिळून ७३०. शिवाय दरवर्षी २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीला, सरकारी दुकानांपैकी दहा टक्के बंद करायची, म्हणजे दहा वर्षांत राज्य कोरडं. एकमेकांवर कुरघोडी करता करता दोन नेत्यांनी मिळून एवढं मोठं धोरण घडवलं, हे मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत केरळी वाटतं.

प्रकरण कोर्टात गेलं. काही बार खटला चालू असेपर्यंत तग धरून होते. २०१५ च्या मार्चअखेर तेही मिटले. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धोरण वैध ठरवलं. दारूचा धंदा करणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, आणि पंचतारांकितांना वेगळं काढणं पर्यटनाच्या दृष्टीनं चुकीचं म्हणता येत नाही, असा साधारण निकालाचा आशय.

पण ही बंदी पूर्ण नव्हती. बंद झालेल्या बारांपैकी पुष्कळांना पुढे बिअर आणि वाइन विकायची मुभा मिळाली. माडीच्या दुकानांना हातही लागला नाही. नारळाच्या झाडाची माडी, सोबत टॅपिओका आणि तिखट मासळी, हा तिथला जुना बेत चालूच राहिला. सरकारी दुकानंही कमी झाली तरी होतीच. बंद झाला तो मधला थर : साध्या किंवा मध्यम हॉटेलात बसून रम, ब्रँडी, व्हिस्की मागवण्याची सोय.

३. पर्यटक पळाले का?

हॉटेलवाल्यांनी ओरड केली की आता केरळात कुणी येणार नाही. केरळच्या पर्यटन खात्याचे आकडे पाहू. परदेशी पर्यटक २०१४ मध्ये ९ लाख २३ हजार आले. २०१५ मध्ये ९ लाख ७७ हजार. २०१६ मध्ये १० लाख ३८ हजार. बंदीच्या ऐन दोन वर्षांत आकडा चढतोच आहे.

पण चढ कमी-जास्त झाला का, हे पाहायला छोटं गणित करावं लागेल. २०१५ मध्ये ५४ हजार पर्यटक वाढले. ते आदल्या वर्षीच्या ९ लाख २३ हजारांवर, म्हणजे वाढ ६ टक्क्यांच्या जरा खाली. २०१६ मध्ये ६१ हजार वाढले, म्हणजे ६ टक्क्यांच्या जरा वर. जुलै २०१७ पासून बार पुन्हा उघडले, आणि त्या वर्षीचा आकडा १० लाख ९२ हजार. वाढ ५ टक्क्यांच्या थोडी वर. म्हणजे बार उघडलेल्या वर्षी परदेशी पर्यटकांची वाढ बंदीच्या वर्षांपेक्षा कमीच भरली!

एवढ्यावरून 'दारू बंद केली की पर्यटक वाढतात' असा शोध लावायला मात्र जाऊ नये. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारनं पर्यटकांसाठी ई-व्हिसा सुरू केला आणि पहिल्या नऊ विमानतळांत कोची आणि तिरुअनंतपुरम ही केरळची दोन होती. घरबसल्या व्हिसा मिळू लागल्यावर लोक वाढणारच. बंदीमुळे काही कमी झाले असतील तर ते या वाढीत झाकले गेले.

देशी पर्यटकांचं चित्र जरा वेगळं आहे. २०१४ मध्ये १ कोटी १७ लाख, मग १ कोटी २५ लाख, मग १ कोटी ३२ लाख, आणि २०१७ मध्ये एकदम १ कोटी ४७ लाख. बार उघडलेल्या वर्षी उडी मोठी आहे. बारमालकांच्या बाजूनं बोलणारे हा आकडा पुढे करतात. पण या दीड कोटींतला मोठा भाग केरळातल्याच माणसांचा. त्यांतले कितीतरी गुरुवायूरसारख्या देवस्थानी आलेले. श्रीकृष्णाच्या दर्शनाला आलेल्या कुटुंबाचा बेत बारच्या वेळापत्रकावर ठरत नाही.

पर्यटक पळाले नाहीत, एवढं नक्की म्हणता येतं. कारणही उघड आहे. केरळात जाणारा माणूस बॅकवॉटर पाहायला, आयुर्वेदाचं तेल लावून घ्यायला, पाऊस पाहायला जातो. संध्याकाळचा पेग त्याला हवा असला तरी तिकीट त्यानं पेगसाठी काढलेलं नसतं. ज्याला तोच हवा होता तो मोठ्या हॉटेलात जाऊन दुप्पट-तिप्पट पैसे देत होता, किंवा हाउसबोटीवर चढण्याआधी ड्रायव्हरला बेव्कोच्या रांगेत उभं करत होता.

धक्का बसला तो दुसरीकडे. औषध कंपन्यांच्या परिषदा, विमा एजंटांचे मेळावे, मोठ्या कंपन्यांच्या बैठका हा केरळच्या हॉटेलांचा चांगला धंदा होता. अशा मेळाव्याचं ठिकाण पर्यटक स्वतः निवडत नाही, कंपनीचा एक माणूस निवडतो. तो पाच शहरांची यादी समोर ठेवतो आणि 'रात्री पार्टी करता येणार नाही' या एका कारणावरून एक नाव खोडतो. एका फटक्यात तीनशे खोल्या जातात. तीन आणि चार तारांकित हॉटेलांची ही तक्रार खरी होती. २०१६ मध्ये आलेल्या डाव्या आघाडीच्या सरकारनं जून २०१७ मध्ये नवं धोरण आणलं, तेव्हा पर्यटनाचं नुकसान हे त्याचं एक मुख्य कारण सांगितलं. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांचे बार उघडले. पिण्याचं वय मात्र २१ वरून २३ केलं.

४. पेगवाला आणि बाटलीवाला

आता पर्यटकाला बाजूला ठेवू आणि त्याच गावात राहणाऱ्या, रोज संध्याकाळी थोडी घेणाऱ्या माणसाकडे पाहू. रंगारी, हमाल, बोटीवरचा खलाशी. ७३० बारांचं खरं गिऱ्हाईक हाच.

बार आणि दुकान यांत एक फरक आहे, आणि धोरण आखणाऱ्यांच्या तो सहसा ध्यानात येत नाही. बारमध्ये पेग मिळतो, दुकानात बाटली. साठ मिलिलिटरचे दोन पेग घेऊन घरी जाणाऱ्याला दुकानातून किमान क्वार्टर घ्यावी लागते, म्हणजे १८० मिलिलिटर. दोनाचे तीन पेग तिथेच झाले. एकट्याला क्वार्टर संपणार नसेल तर दुकानाच्या फाटकाबाहेर अनोळखी जोडीदार शोधायचा, पैसे वाटून घ्यायचे आणि भिंतीआड उभ्यानं संपवायची. नाहीतर बाटली घरी न्यायची. दारू बारमधून घरात येते तेव्हा बायको-मुलं तिच्यासमोर येतात. ज्यांच्या नावानं बंदी केली जाते, नेमक्या त्यांच्याच.

केरळात या काळात बिअरची विक्री उसळली. कडक दारू पिणारे काही बिअरकडे वळले असतील तर ते एका अर्थी बरंच. पण बेव्कोच्या रांगाही लांबल्या. रात्रीच्या पाळीला शेतात दारं धरणाऱ्याला हे नव्यानं सांगायला नको : एका वाफ्याचं तोंड बुजवलं म्हणून पाटाचं पाणी थांबत नाही, ते पुढच्या वाफ्यात शिरतं. पाणी कमी करायचं तर विहिरीवरची मोटर बघावी लागते. केरळनं वाफे बुजवले, मोटर सरकारचीच होती आणि ती चालू राहिली.

याच राज्यातला आणखी एक नियम पाहण्यासारखा आहे. महिन्याची पहिली तारीख तिथे ड्राय डे. २००३ पासून चालत आलेली ही प्रथा आहे आणि तिच्यामागचा विचार स्वच्छ आहे : पगार होतो त्या दिवशी तो आधी घरी पोचावा. मला हा नियम मनापासून आवडतो, कारण त्यात कुणाला आणि का वाचवायचं हे स्पष्ट आहे. पण एक तारखेला फोर्ट कोचीत उतरलेल्या पर्यटकाचा पगाराशी काही संबंध नसतो, तरी त्यालाही कोरडं राहावं लागतं. पुढे सरकारनं ही गाठ सोडवायला घेतली; २०२५ च्या धोरणात लग्नं आणि परिषदांसाठी तारांकित हॉटेलांना पहिल्या तारखेला खास परवाना घेण्याची वाट ठेवली. सूट मिळाली ती पुन्हा तारांकितांनाच.

५. रस्त्यापासून किती मीटर?

१५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला : राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत १ एप्रिल २०१७ पासून दारूविक्री नको. दारू पिऊन गाडी चालवल्यानं होणारे अपघात रोखणं हा हेतू, आणि त्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. न्यायालयानं पाच प्रश्नांपैकी फक्त 'कुठे' याचं उत्तर बदललं होतं.

गोव्याचा नकाशा पाहिला तर या उत्तराचा अर्थ कळतो. हे राज्य मुळात चिंचोळं. पेडण्यापासून काणकोणपर्यंत राष्ट्रीय महामार्ग उभा गेलेला आणि राज्य महामार्ग गावागावातून. एका बाजूला डोंगर किंवा खाजण, दुसऱ्या बाजूला घरं. ५०० मीटर आत जायचं म्हणजे काही ठिकाणी खाडीत जावं लागेल. तिथली साधारण तीन हजार दुकानं आणि बार या निकालाच्या तडाख्यात आले. ३१ मार्चला, म्हणजे अंमल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, न्यायालयानं वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर केलं. पण त्याच वेळी दुकानांबरोबर बार आणि हॉटेलांनाही हे लागू आहे, असंही स्पष्ट केलं.

मग सुरू झाली मोजपट्टीची करामत. चंडीगड प्रशासनानं शहरातले महामार्गच कागदोपत्री जिल्हा रस्ते करून टाकले. केरळातल्या उत्तर परवूरमध्ये एका बारच्या मालकानं तर कमाल केली. अंतर मोजायचं ते चालत जाण्याच्या वाटेनं, एवढं त्याला कळलं होतं. त्यानं रस्ता आणि बार यांच्यामधल्या मोकळ्या जागेत सिमेंटच्या फळ्यांचा नागमोडी बोळ उभारला. दार होतं तिथेच राहिलं. फक्त गिऱ्हाइकाला आता उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे असं वळत अडीचशेएक मीटर जास्त चालावं लागे. एप्रिल २०१७ मध्ये या चक्रव्यूहाचे फोटो देशभर फिरले. जाताना ठीक, येताना बाहेर पडायला किती वेळ लागत असेल, याची काळजी मालकानं केली होती की नाही कोण जाणे.

जुलै २०१७ मध्ये न्यायालयानं नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना हा निर्णय लागू नाही असं सांगितलं, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत पंचायतींच्या हद्दीतलं ठरवायचं राज्यांवर सोपवलं. बहुतेक बार परत उघडले. मधल्या काळात घरी बसलेल्या वेटरांचा आणि स्वयंपाक्यांचा पगार मात्र कुणी भरून दिला नाही. निकालाचा हेतू ड्रायव्हरला वाचवण्याचा होता. त्यासाठी नाक्यावर फुंकणी घेऊन उभा असलेला पोलीस अंतराच्या नियमापेक्षा कितीतरी उपयोगी, असं माझं मत आहे. अंतर हवं तितकं लांबवा, गाडीनं आलेला माणूस गाडीनंच परत जातो.

६. पाहुण्याला पेला, घरच्याला मनाई

काही ठिकाणी कायदा उघडच दोन माणसांत फरक करतो. मालदीवमध्ये इस्लामी कायद्याप्रमाणे नागरिकांना दारू निषिद्ध. तरी तिथलं पहिलं रिसॉर्ट १९७२ मध्ये उघडलं आणि आज देश पर्यटनावर उभा आहे. हे जमलं कारण एक बेट, एक रिसॉर्ट ही रचना. जिथे वस्ती नाही अशा बेटावर हॉटेल; तिथे दारू चालते. जिथे माणसं राहतात त्या बेटांवर आणि राजधानी मालेत ती चालत नाही. बाहेरून बाटली आणली तर विमानतळावर कस्टमवाले ठेवून घेतात आणि परतताना देतात. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवरही छोटी अतिथिगृहं निघाली आणि स्वस्तात राहणारे पर्यटक तिथे येऊ लागले. मग किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर बोट नांगरून तिच्यावर बार सुरू झाला. गिऱ्हाइकाला लहान होडीतून नेतात, प्यायला देतात आणि परत सोडतात. आपल्या लक्षद्वीपमध्येही बंदी आहे आणि तिला अपवाद होता तो बंगारम बेटाचा, तिथे मूळची वस्ती नव्हती म्हणून.

गुजरातेत अशी बेटांची रचना नाही, तिथे कागद आहे. परराज्यातून आलेल्याला ओळखपत्र आणि प्रवासाचा पुरावा दाखवून तात्पुरता परवाना मिळतो. मुंबईहून गेलेला पाहुणा अहमदाबादच्या हॉटेलात रीतसर पिऊ शकतो, त्याचा तिथला मित्र समोर सोडा घेऊन बसतो. डिसेंबर २०२३ पासून गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत नोकरी करणाऱ्यांना आणि त्यांच्या पाहुण्यांनाही सवलत मिळाली. बाकीचे गुजराती सुट्टीला दीव, दमण किंवा माउंट अबूला जातात. ३१ डिसेंबरच्या रात्री दमणहून वापीकडे येणाऱ्या गाड्यांची रांग आणि ती तपासणारे पोलीस हे दरवर्षीचं दृश्य. दमणच्या हॉटेलवाल्यांना गुजरातच्या दारूबंदीइतका चांगला जाहिरातदार मिळणं कठीण.

७. वाघाच्या जिल्ह्यात

महाराष्ट्रात वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे बरीच वर्षं दारूबंदीचे आहेत. चंद्रपुरात बंदी आली १ एप्रिल २०१५ ला, 'श्रमिक एल्गार'च्या पारोमिता गोस्वामी आणि त्यांच्याबरोबर चालत गेलेल्या हजारो बायकांच्या आंदोलनातून. ताडोबा याच जिल्ह्यात. मोहर्ली आणि कोलारा फाटकांजवळची रिसॉर्टं एका रात्रीत कोरडी झाली. पण ताडोबाच्या जिप्सींची मागणी काही घटली नाही. पहाटे वाघ पाहायला निघायचं तर रात्री लवकर झोपावंच लागतं, आणि ज्याला हवी असेल तो नागपूरहून येताना सोय करून येत होता. पर्यटनापुरती ही बंदी असून नसल्यासारखी.

गावातली गोष्ट वेगळी. शेजारच्या जिल्ह्यांतून आणि तेलंगणातून चोरटी दारू येऊ लागली, तिच्या ने-आणीत बायका आणि पोरं अडकली. रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळानं बंदी उठवली. आंदोलनातल्या बायकांचं म्हणणं होतं की बंदी फसली नाही, तिची अंमलबजावणी केलीच नाही. मला त्यात तथ्य वाटतं. बंदी लावायला एक सही लागते. ती चालवायला रोज रात्री रस्त्यावर माणसं लागतात.

८. वाळूतली काच

आतापर्यंतचे बरेच नियम गावच्या माणसासाठी होते आणि पाहुण्याला त्यातून सूट मिळत होती. गोव्यात उलटं झालं. तिथे दारू स्वस्त आणि मुबलक. त्यामुळे बसनं आलेले घोळके दुकानातून बिअरचे खोके घेतात आणि किनाऱ्यावरच बसतात. पार्किंगमध्ये शेगडी लावून स्वयंपाकही करतात. उठताना बाटल्या तिथेच. लाटेनं आपटून त्या फुटतात, वाळू वर चढते आणि काच दिसेनाशी होते. सकाळी अनवाणी चालणाऱ्या पोराच्या तळव्यात ती शिरते, किंवा रापण ओढणाऱ्या मच्छीमाराच्या.

जानेवारी २०१९ मध्ये गोवा विधानसभेनं पर्यटनस्थळांच्या संरक्षणाच्या कायद्यात बदल केला. किनाऱ्यावर उघड्यावर पिणं आणि स्वयंपाक करणं गुन्हा ठरला : तेव्हा एकट्याला दोन हजार रुपये दंड, घोळक्याला दहा हजार. शॅकमध्ये बसून प्यायला काहीच आडकाठी नाही. म्हणजे दारूवर बंदी नाहीच. दारू, काच आणि वाळू एकत्र येण्यावर आहे. यामागे शॅकवाल्यांचाही फायदा आहे, हे उघड असलं तरी मला हा नियम सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो.

स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या मागालुफनं याहून बारीक विचार केला. २०२० च्या जानेवारीत तिथल्या सरकारनं काही मोजक्या वस्त्यांपुरता हुकूम काढला : एकावर एक फुकट नाही, टोळीनं बारमागून बार पालथे घालण्याच्या सहली नाहीत, रात्री साडेनऊनंतर दुकानात दारू नाही. 'सगळं पॅकेजमध्ये' म्हणणाऱ्या हॉटेलांत पाहुण्याला दिवसाला सहाच पेले, तीन दुपारच्या जेवणाला, तीन रात्रीच्या. नशेत गॅलरीतून तलावात उड्या मारून पर्यटक मरत होते. तिथल्या लोकांना पर्यटक हवे होते, पण असे नको होते. कोकणातल्या सभेत विचारायचा प्रश्न हाच आहे : दारू हवी की नको याआधी, कुठली वागणूक चालणार नाही ते ठरवलं आहे का?

९. निघण्यापूर्वी

सहल ठरवताना दोन-चार गोष्टी पाहून ठेवा. जिथे जायचं तिथे निवडणूक तर नाही ना. मतदान संपण्याआधीचे ४८ तास तिथे दारूविक्री बंद असते. केरळात पहिली तारीख टाळा. वयाची अट राज्यागणिक वेगळी आहे : गोव्यात १८, केरळात २३, महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५. तेव्हा गोव्यात राजरोस पिणारा वीस वर्षांचा मुलगा सीमेपलीकडे बांद्याला पोचला की कायद्यानं पिण्याच्या वयाखालचा ठरतो.

आणि गोव्याहून परतताना उरलेला खंबा डिकीत टाकू नका. त्याच्यावर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेलं असतं आणि महाराष्ट्राचा कर त्यावर भरलेला नसतो. 'गोवा बनावटीची दारू जप्त' ही सिंधुदुर्गाच्या पेपरांत नेहमी येणारी बातमी आहे, आणि इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर दुकानाची पावती दाखवून काही उपयोग होत नाही.